चारहजारी महिपत

महिपत कळंबे खोटं बोलायला शिकला तेव्हा त्याचं वय शेहेचाळीस होतं. तोवर त्याला गरज पडली नव्हती. वरंधच्या वरच्या अंगाच्या वाडीतला हा माणूस वीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशांचा स्वयंपाक करत होता. डाळ खारट झाली तर ती गोड झाली असं सांगून भागत नाही, चव घेणारे समोरच बसलेले असतात, एवढंच त्याचं जगाबद्दलचं शिक्षण.

१९७० च्या ऑक्टोबरात त्याचं जहाज इंजिन बिघडून इंग्लंडच्या हल बंदरात पाच आठवडे अडकलं. तिथल्या एका गोदी कामगाराला महिपतच्या हातचं सुक्या मासळीचं कालवण फार आवडलं. त्याची परतफेड म्हणून एका रविवारी तो महिपतला मॅच बघायला घेऊन गेला. खेळाचं नाव रग्बी लीग, आणि मॅच चक्क वर्ल्ड कपची. फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड. महिपत पहिली काही मिनिटं खेळाकडे न बघता प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडेच बघत राहिला. जगाचा कप, आणि पायऱ्या ओस! चार हजार माणूससुद्धा नसेल.

"ही आमची पोरं नाहीत ना," गोदी कामगार म्हणाला. "परक्यांच्या पोरांसाठी या थंडीत कोण घराबाहेर पडतंय?"

पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर शेजारच्या गावाशी सामना होता, तेव्हा मात्र महिपतला पाय ठेवायला जागा मिळाली नाही.

दोन वर्षांनी जहाज सोडून तो परत आला आणि महाडच्या एसटी स्टँडजवळ त्याने चहाचं हॉटेल टाकलं. बायको रखमा भजी तळायची. गिऱ्हाइकांशी बोलता बोलता एकदा वर्ल्ड कपचा विषय निघाला, आणि ती बातमी आबाजीशेठच्या कानावर गेली.

आबाजीशेठ म्हणजे भाताच्या गिरणीचे मालक आणि कबड्डी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. आयुष्यात त्यांनी स्वतः कधी मधली रेघ ओलांडली नव्हती, पण गर्दीची त्यांना नशा होती. गांधारी नदीच्या काठच्या मैदानात मंडळाच्या स्पर्धा व्हायच्या. दाटीवाटीने दोन हजार माणूस मावायचा. दुसऱ्या आठवड्यात गावच्या साप्ताहिकात छापून यायचं, 'वीस हजारांचा जनसागर!' गावची वस्ती तेव्हा जेमतेम बारा-तेरा हजार. उरलेला सागर बहुधा सावित्रीतून पोहत येत असावा.

त्या साली उद्‌घाटनाला आबाजीशेठनी महिपतला व्यासपीठावर बसवलं. साक्षात वर्ल्ड कप पाहून आलेला माणूस! त्याच्या तोंडून इंग्लंडच्या गर्दीचं वर्णन व्हावं, मग आपल्या गर्दीचं व्हावं, आणि दोन्ही गर्द्या एका माळेत ओवल्या जाव्यात, असा बेत होता. माईक पुढे करत त्यांनी विचारलं, "सांगा महिपतराव, त्या भव्य सोहळ्याला किती प्रेक्षक लोटले होते?"

"चार हजार," महिपत म्हणाला. मग त्याला वाटलं, आपण जरा वाढवूनच सांगितलं. "तेवढं पन नसतील. पायऱ्या मोकळ्याच व्हत्या."

मैदानात असा हशा उसळला की पहिल्या सामन्याची शिट्टी कुणाला ऐकू गेली नाही.

"अहो, चाळीस हजार म्हणायचंय तुम्हाला," आबाजीशेठ दात आवळून म्हणाले.

"नाय शेठ. चारच."

"जगाच्या कपाला? आमच्या वीरेश्वराच्या जत्रेतल्या छबिन्याला यापेक्षा जास्त माणूस असतो!"

"असतोच की," महिपत म्हणाला. "आपलं हाय ना ते."

त्याने जगाची आणि महाडची बरोबरी करून महाडला वर काढलं होतं. पण गाव मोठं विचित्र. आपल्याला कुणी थोर म्हटलं तर आनंद होतो. जग आपल्याएवढंच लहान आहे म्हटलं तर अपमान होतो. हा माणूस विलायतेला गेलाच नाही, मुंबईच्या धक्क्यावर बटाटे सोलत होता, असं ठरलं. आणि रायगड जवळ असल्याने प्रत्येकाच्या डोक्यात मनसबदारीचा इतिहास पक्का. कुणीतरी त्याचं नाव चारहजारी ठेवलं. "चारहजारी, दोन कटिंग द्या!" पंचहजारीला हजारभर कमी पडलेला सरदार बिचारा चहा गाळत राहायचा.

चार वर्षं त्याने हे सोसलं. पासपोर्टवरचा शिक्का दाखवला, तर म्हणाले, शिक्का काय, ग्रामपंचायतही मारते. शेवटी रखमालाच पाण्याला गेल्यावर बायका "काय गो चारहजारीण" म्हणायला लागल्या, तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"लाखभर व्हती म्हनून सांगा की," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"पन नव्हती गो तेवढी."

"यांच्यातला कोन जातोय मोजायला?"

दुसऱ्या दिवशी हायस्कूलच्या एका मास्तरांनी चहा पिता पिता छेडलं, तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितलं, "मास्तर, त्या दिवशी माझी चूक झाली. घाबरलो व्हतो माईकला. लाखभर माणूस व्हता." मास्तर मान हलवून म्हणाले, "वाटलंच होतं मला."

बस्स! इतकंच लागलं. आठ दिवसांत महिपत कळंबे अनुभवी आणि जग पाहिलेला माणूस झाला. आबाजीशेठ स्वतः हॉटेलात येऊन चहा पिऊन गेले. लाखाचे दीड लाख झाले, पुढे 'गर्दीत चेंगरून टोप्या हरवल्या' अशी भर पडली. एका गिऱ्हाइकाने तर ती गर्दी आपण सिनेमाच्या आधीच्या बातमीपटात पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. महिपतला पहिल्यांदा झोप लागेना, मग लागायला लागली. आबाजीशेठनी त्याला मंडळाचा प्रेक्षकप्रमुख केलं. काम एकच. अंतिम सामन्याआधी माईकवरून गर्दीचा आकडा जाहीर करायचा. आकडा चिठ्ठीवर आधीच लिहिलेला असायचा. चिठ्ठी गिरणीतून यायची.

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला आणि आबाजीशेठना वाटलं, जिल्ह्याचं नाव बदलतं तर आपल्या स्पर्धेचं का नाही? पुढच्या जानेवारीची स्पर्धा त्यांनी 'आंतरराष्ट्रीय' जाहीर केली. भिंती रंगल्या. 'कुवेत विरुद्ध महाराष्ट्र.'

कुवेतचा संघ तालुक्यातल्याच तुडीलहून आला. तुडीलची पोरं कुवेतला कामाला होती, ती रजेवर घरी आली होती. आबाजीशेठनी त्यांना हिरवे बनियन दिले, त्यावर कुवेत लिहिलं, आणि गावात मराठी बोलू नका अशी ताकीद दिली. कप्तान अब्बास चांगला चढाईपटू होता, पण गप्प राहणं त्याला जमत नव्हतं. एसटीतून उतरताच तो महिपतच्या हॉटेलात शिरला. "चाचा, भजी गरम हायत का?" स्टँडवरच्या सगळ्यांनी कुवेतचा कप्तान ओळखला. महाराष्ट्राचा संघ म्हणजे तर आबाजीशेठच्या गिरणीतले हमालच होते.

त्यात नेमका त्याच दिवशी वरंधला सामना ठरलेला. वरंध आणि शिवथर. कापणी झालेल्या खाचरात, फक्कीच्या रेघा ओढून, ना माईक ना पाहुणे. या दोन गावांचं वैर इतकं जुनं की ते कशावरून, हे दोन्हीकडे कुणाला आठवत नव्हतं, आणि म्हणून ते मिटतही नव्हतं. दुपारपासून महाडचे लोक ट्रकांच्या टपावर बसून वरंधच्या वाटेला लागले.

संध्याकाळी महाडच्या मैदानात बांबूची नवी गॅलरी उभी होती. तिच्यावर कावळे होते. अलिबागहून आलेले प्रमुख पाहुणे कोचात बसले होते. महिपतने सवयीने नजर फिरवली आणि, जहाजावर जेवणाची पानं मोजायची तशी, माणसं मोजली. मग चिठ्ठी उघडली. चाळीस हजार.

"शेठ," तो कुजबुजला, "जरा कमी करू या का?"

"वाच."

"पाव्हण्यांना दिसतंय की."

"पाहुण्यांना उन्हाचा चष्मा आहे. वाच!"

महिपतने वाचलं. प्रमुख पाहुण्यांनी समोरच्या ओस गॅलरीकडे बघून भाषणाला सुरुवात केली, "या अथांग जनसमुदायाला पाहून माझं मन भरून आलं आहे." महिपतला त्या वेळी कळलं की आपण या धंद्यात अजून शिकाऊच आहोत.

साप्ताहिकात चाळीस हजार छापून आले, शेजारी गच्च गर्दीचा फोटो. आबाजीशेठनी तो अंक चौकटीत घालून गिरणीत लावला. महिन्याभराने सरकारी आरोग्य खात्याची नोटीस आली. चाळीस हजारांच्या मेळाव्यासाठी पिण्याचं पाणी, मुताऱ्या आणि प्रथमोपचार यांची कोणती सोय केली होती, याचा खुलासा करावा; अन्यथा खटला भरण्यात येईल.

चौकशीला आलेले साहेब तरुण होते, आणि छापलेलं सगळं खरं मानण्याची त्यांना नोकरीच होती. त्यांनी विचारलं, "पाणी किती होतं?"

"एक पिंप," आबाजीशेठ म्हणाले.

"चाळीस हजारांना?"

"तेवढे नव्हते, साहेब."

"मग किती? तीस?"

"थोडे कमी."

"वीस?"

"आणखी... थोडे."

दहा वर्षं त्या माणसाने आकडा फक्त चढवला होता. उतरवताना त्याला एकेक हजार दातासारखा उपटून द्यावा लागत होता. पाच हजारांवर तो अडून बसला. पाच हजारांनाही एक पिंप पुरत नाही, हे साहेबांनी कागदावर भागाकार करून दाखवलं. शेवटी प्रेक्षकप्रमुखाला बोलावणं गेलं.

"तीनशे सतरा," महिपत म्हणाला. "बंदोबस्ताचे अकरा पोलीस धरून."

"आणि हा फोटो?"

महिपतने आबाजीशेठकडे पाहिलं. आबाजीशेठनी छताकडे पाहिलं. "छबिन्याचा हाय साहेब. मागं पालखीचा गोंडा दिसतोय बघा."

साहेबांनी भिंग मागवलं. गोंडा दिसला. मग त्यांनी आबाजीशेठना लेखी जबाब द्यायला लावला आणि त्यातलं एक वाक्य स्वतः सांगून लिहून घेतलं: 'आमच्या स्पर्धा पाहावयास लोक येत नाहीत.' शेठनी सही केली. खटला टळला. त्या वाक्याची नक्कल मात्र दुसऱ्याच दिवशी चावडीपासून मटण मार्केटापर्यंत सगळ्यांना पाठ होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धा परत झाली नाही. आबाजीशेठ पुढे भजनी मंडळाचे अध्यक्ष झाले. तिथे डोकी मोजण्याची पद्धत नाही.

महिपतचं प्रमुखपद गेलं. लोक त्याच्यावर रागावले ते खोटं बोलल्याबद्दल नव्हे, कबूल केल्याबद्दल. गिऱ्हाईक थोडं तुटलं, पण रखमाच्या भज्यांमुळे फार दिवस तुटून राहिलं नाही.

पुढल्या जानेवारीत तो दुपारी हॉटेल बंद करून वरंधला सामना बघायला गेला. बांधावर त्याच्या शेजारी धोंडू बसला होता. वरंधचा जुना चढाईपटू, आता गुडघे गेलेला. मध्यांतरात धोंडूने तंबाखू मळता मळता विचारलं, "महिपत, त्या इलायतीत तू बघितलास तो खेळ कसा असतोय रे?"

दहा वर्षांत किती माणूस होतं ते सगळ्यांनी विचारलं होतं. खेळ कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

"कबड्डीच ती," तो उठून, बांधावरचा बक्षिसाचा नारळ उचलत म्हणाला. "फक्त दम धरायचा नाय, बॉल धरायचा. हा नारळ धर. आता पळ माज्याकडं."

"माजं गुडघं..."

"अरे दोन पावलं पळ!"

धोंडू नारळ काखेत मारून लंगडत पळाला. महिपतने खांदा त्याच्या कमरेत घातला, आणि दोघं पन्नाशीचे गडी भाताच्या धसकटांवर आडवे झाले. शिवथरवालेसुद्धा बघायला गोळा झाले.

"चार वेळा आडवा झालास की डाव मोडला," महिपत धापा टाकत म्हणाला. "तोवर दर वेळी उठायचं, बॉल पायानं मागं सारायचा, आन् मागच्या गड्यानं तो घेऊन पळायचं."

"उठतो की," खालून धोंडू कण्हला. "पन आदी तू उठ माज्यावरनं."