हयातीच्या रांगेतला फंडवाला

तमाम सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्या माणसाने स्वतः बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. नुसता श्वास घेऊन भागत नाही.

दोन हजार सालच्या आसपास आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, मी विरारच्या बँकेत त्यासाठीच नेलं होतं. रांगेत आमच्या पुढे एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना चापून तेल. मागेल त्याला पेन द्यायचे, टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवायचे. दारातून कुणी म्हातारा आत आला, की "आलात? वा, या या," असं स्वागत करायचे, जणू यांच्याच घरचं कार्य आहे.

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने पासबुक उलटसुलट पाहिलं. "काका, तुम्हाला पेन्शनच नाही. दाखला कशाला देताय?"

"कंपनीत पेन्शन नव्हती. फंड मिळाला एकरकमी. त्यात इथेच जवळ बोळिंजला फ्लॅट घेतला."

दादांना आपल्या सरकारी पेन्शनचा भारी तोरा. ते मागून म्हणाले, "मग फंडवाल्यांनी कशाला रांग वाढवायची?"

गृहस्थांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "ही गेल्यापासून फ्लॅटमध्ये एकटाच असतो. तुम्हाला वर्षातून एकदा तरी कुणी विचारतं, आहात का म्हणून."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"उद्यापासून रोज सकाळी आमच्या दारावरून जायचं. दिसला नाहीत, तर मी बघायला येईन."