शर्टाच्या बाह्या

मी तोंडाची फटकळ आणि सोवळ्याओवळ्याची कडक. देवासला शाळेत गणित शिकवते, मुलांना प्रत्येक पायरी लिहून दाखवायला लावते. पण मेलेल्या माणसाला शिवून आलेल्यानं तसंच घरात यायचं नाही म्हणजे नाही. आधी सचैल स्नान, अंगावरच्या कपड्यांसकट. का, ते मी आईला विचारलं नव्हतं आणि मलाही कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी मी धारला धाकट्या भावाकडे होते. भावजय माहेरी गेली होती. भाऊ पीथमपूरच्या कारखान्यात कामाला, शिफ्टची बस कोपऱ्यावर यायची. शेजाऱ्यानं नेहमीप्रमाणे स्वतःची स्कूटर आमच्या फाटकाला आडवी लावली होती. ती हलवेपर्यंत बस गेली, आणि भाऊ तणतणत त्याच्या दारात गेला. मी आत चहा गाळत होते. शिवीगाळ ऐकू आली, मग बाईची किंकाळी. मी बाहेर येईतो भाऊ शेजाऱ्याला उराशी धरून ऑटोत बसला होता.

तासाभरानं तो परतला. "अक्का, तो गेला. दवाखान्यात पोचायच्या आधीच. मी एकच धक्का दिला गं, ओट्याच्या दगडावर पडला. पोलीस थाण्यात चाललोय, तुला सांगायला आलो."

सरळ गेला असता तर बरं झालं असतं. पण मी दारातच हात आडवा केला. "आधी आंघोळ. या अवतारात जाणार आहेस?" जन्मभर त्यानं माझं ऐकलं, तेव्हाही ऐकलं. त्याचा फिकट निळा शर्ट मी मोरीत घेतला. छातीवर मोठा डाग होता. बाह्या कोऱ्या होत्या. पोलीस आले तेव्हा शर्ट दोरीवर निथळत होता.

भावावर खुनाचा गुन्हा लागला. वर पुरावा नष्ट केल्याचा.

वकील धारचेच, जुन्या मराठी घरातले, पण मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. "देखो अक्का, जान गेली म्हणजे हत्याच झाली, असं नाही. गुस्स्यात धक्का दिला, तो पडून मेला, तर कलम वेगळं, सजा कमी. मारायच्या इराद्यानं मारलं, तर उम्रकैद. शेजारीण म्हणते, यानं कॉलर धरून दोन वेळा डोकं आपटलं. तसं केलं असतं तर बाह्यांवर छींटे उडाले असते. नुसतं उचललं तर डाग छातीवर. तो शर्टच आपला गवाह होता."

"लॅबमध्ये कळेल ना?"

"रक्त होतं, इतकंच कळेल. कुठं होतं, ते तुम्ही धुऊन टाकलं."

मला त्यांचा राग आला. म्हटलं, "तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का, खरं काय झालं ते?"

"ते माझं काम नाही. सरकार जे म्हणतंय ते साबित झालं का, इतकं बघणं माझं काम. कुणीतरी बघायला पाहिजे ना."

असल्या वकिलांना मी आयुष्यभर नावं ठेवली होती. हे मात्र प्रत्येक तारखेला आले. सगळ्या नातेवाइकांत तेवढं कुणीच आलं नाही. मी साक्ष देते म्हटल्यावर त्यांनी बजावलं, "सोच लो. तुमच्यावर पण उलटू शकतं." मी ऐकलं नाही. धुण्याआधी तो शर्ट हातात घेऊन पाहिलेली मी एकटीच होते.

सरकारी वकिलानं सीलबंद पिशवीतून शर्ट काढून वर धरला. इतका स्वच्छ कपडा मी उभ्या आयुष्यात धुतला नसेल.

"भाई के कपड़े आप हमेशा धोती हैं?"

"नाही."

"उसी दिन क्यों?"

मी रिवाज सांगितला. कपड्यांसकट पाण्याखाली जायचं, विटाळ निघतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सिर्फ पानी में डाला था?"

"साबण लावला. ब्रशनं घासला."

"रिवाज में ब्रश भी है?"

आमचे वकील अर्धवट उठले आणि खाली बसले. मी नाही म्हणाले. नव्हताच. नुसतं पाणी पुरलं असतं. तो डाग मला बघवत नव्हता, आणि कुणी बघू नये असंही वाटत होतं. हे मला त्या पिंजऱ्यात उभी असताना पहिल्यांदा कळलं.

जन्मठेप झाली. इंदूरला हायकोर्टात अपील टाकलंय. नंबर कधी लागेल, ते वकीलही सांगत नाहीत.

मागच्या मुलाकातीला भाऊ जाळीपलीकडे येऊन बसला. केस सगळे पिकलेत. मग म्हणाला, "अक्का, ती बाई शपथेवर इतकं ठाम सांगत होती. मला आता नीट आठवत नाही. बाह्या खरंच कोऱ्या होत्या ना?"

"होत्या," मी म्हणाले.

देवासच्या बसमध्ये बसल्यावर मी डोळे मिटून तो शर्ट आठवायला लागले. मोरी दिसली, ब्रश दिसला, माझे हात दिसले. बाह्यांवर नुसता फेस होता.