पदकबाईंची चूक

पदकबाई पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही. आज उघड सांगते, त्या बाईंचे आमच्या घरावर उपकार आहेत. पण राग माझ्या नाकावर असतो, आणि त्या दिवशी तर त्याला सात महिन्यांची धार होती.

हे नाव त्यांना मीच ठेवलं, आणि तेही प्रेमानं नाही. टांकसाळीच्या पदक विभागात तीस वर्षं त्यांनी तयार पदकं तपासली. निवृत्त झाल्यावर त्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाला नाणी पारखून देऊ लागल्या. तिथे त्यांचा शब्द शेवटचा असे. त्याच शब्दानं माझ्या बाबांचं कंबरडं मोडलं होतं.

बाबा घड्याळं दुरुस्त करत. विशीपासून त्यांनी जुनी चांदीची नाणी जमवली होती, सगळी मिळून एकेचाळीस. त्यातल्या एकावर राजाच्या मानेपुढे, जिथे कोरी जागा असायला हवी तिथे, केसासारख्या रेषा होत्या. आल्यागेल्याला ते नाणं दाखवल्याशिवाय बाबा चहा देत नसत. ‘ठसे आपटलेत,’ ते सांगत. नाणं पाडताना वर एक ठसा, खाली एक आणि मधे चांदीची चकती. कधीतरी चकती पुढे येतच नाही आणि दोन्ही ठसे रिकामेच एकमेकांवर आदळतात. मग एकाची नक्षी दुसऱ्यावर उलटी उमटते आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर ती पुसटशी दिसत राहते.

नाण्याची पारख करायला मंडळानं फोटो मागवले, बाबांनी दोन्ही बाजूंचे पाठवले. पदकबाईंचं उत्तर भर सभेत वाचलं गेलं. रेषा मागच्या बाजूवरच्या वेलीच्या पानांशी जुळत नाहीत, नाणं बनावट असावं.

बाबा घरी आले, नाण्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी भांडले, समजावलं, शेवटी हात टेकले. त्यांचं एकच उत्तर, ‘‘चाळीस वर्षं ज्याला खोटं दिसलं नाही, त्यानं लोकांची घड्याळं उघडू नयेत.’’ दुकानाला कुलूप लावून बाबा सात महिने खिडकीशी बसून राहिले. माणूस असा जिवंतपणी जगण्यातून निवृत्त झालेला मला बघवत नव्हता.

आणि आता या बाई धापा टाकत दारात.

‘‘वडील आहेत? माझी चूक झालीय, ती सांगायला आलेय.’’

‘‘पत्र पाठवायचं होतंत,’’ मी म्हणाले.

‘‘चार वेळा लिहिलं आणि फाडलं. दर वेळी चूक एका ओळीची आणि सबबी दोन पानं. मग म्हटलं, आपण जावं.’’

मी बाजूला झाले.

बाबांसमोर बसून त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. पदकाच्या दोन्ही बाजू सुलट असतात, ते पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं. जुन्या नाण्याची मागची बाजू मात्र डोकं खाली करून असते, म्हणून ते वरून खाली पालटायचं. फोटो दोन्ही सुलट लावलेले होते. त्यांनी मागच्या पानांची नक्षी पातळ कागदावर उतरवली, आणि राजाच्या बाजूशी ताडताना कागद सवयीनं पदकासारखा उलटला, म्हणून रेषा जुळल्या नाहीत.

‘‘नाणं हातात घेतलं असतं तर लगेच कळलं असतं. मी मागितलंच नाही. परवा दुसरं एक नाणं पालटताना ध्यानात आलं आणि घाम फुटला.’’

बाबा मला म्हणाले, ‘‘डबा काढ.’’

नाणं त्यांनी बाईंपुढे सरकवलं. बाईंनी ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

‘‘मी नाही. एकदा माझं ऐकलंत, त्यात काय झालं बघताय ना? आता तुम्ही बघा.’’

बाबांनी पानं कागदावर उतरवली. रेघ सरळ आली. कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटून राजाच्या बाजूवर ठेवला. काहीच जुळेना. मग त्यांनी तोच कागद वरून खाली पालटला. पानांचे देठ मानेपुढच्या रेषांवर बरोबर बसले, एकूण एक. बाबांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडले. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिघांचा चहा टाकला.

पुढच्या सभेत, बाबांच्या आणि माझ्यासमोर, पदकबाईंनी उभं राहून आपलं मत मागे घेतलं. सबब एकही नाही. मग पर्समधून एक रुपेरी नाणं काढून बाबांपुढे ठेवलं. त्यावर राणीच्या कपाळापासून कडेपर्यंत एक रेघ होती.

‘‘हा ओरखडा आहे का?’’

बाबांनी नाणं उजेडात तिरपं धरलं, चांगली दहा मिनिटं. सभेतले लोक खुर्च्या करकरवायला लागले.

‘‘रेघ खोल नाही, वर आलीय. ठशाला तडा गेला असणार. त्या फटीत चांदी शिरली.’’

बाईंनी मान डोलावली आणि नाणं पुढच्या माणसाच्या हातात दिलं.

परत जाताना मी त्यांना गाठलं. माझा स्वभाव, मनात ठेवता येत नाही.

‘‘तुम्हाला आधीच माहीत होतं ना? बाबांना बरं वाटावं म्हणून विचारलंत. फार केलंत हो आमच्यासाठी.’’

त्यांनी पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर त्या नाण्याबद्दल सभेआधीच त्यांच्याच अक्षरात मत लिहिलेलं होतं. कपाळावर ओरखडा.

‘‘उंच काय आणि खोल काय, हल्ली मला नेहमी दिसत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वडिलांना विचाराल का, सभेला माझ्या शेजारी बसतील?’’