मोटर गेली नव्हती

काजूचे बोंडू भरात पडत होते, आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची चार चाकांची बाईक मुकी झाली. बटण दाबलं तर ना टिक, ना घरघर. हिला किक नाही. जे काय आहे ते बटणच.

ही छोटी लाल एटीव्ही माझ्या नवऱ्याने पेडण्याच्या किनाऱ्यावरून आणली होती, पर्यटकांना वाळूतून फिरवून फिरवून दमलेली. पार्श्याला माझ्या माहेरी तिचा फोटो पाहून सगळे हसले होते. पण सर्वणला आमची काजूची बाग डोंगरावर आहे, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की टेंपो चढत नाही. डोक्यावरून क्रेट उतरवायला आता माणसं मिळत नाहीत. मागच्या कॅरियरला दोन क्रेट बांधून मी सकाळपासून आठ-दहा खेपा मारायचे. पडलेला बोंडू त्याच दिवशी खाली आला तर फेणी गाळणारा भट्टीवाला घेतो. एक दिवस राहिला की आंबतो.

डिचोलीचा मेकॅनिक आला. दोनदा बटण दाबलं, मान हलवली.

"वहिनी, स्टार्टरची मोटर गेली. मागवायला लागणार. आठ दिवस तरी धरा."

तो गेला. वरच्या बाजूला झाडांखाली लाल-पिवळा सडा पडलेला मला दिसत होता. आठ दिवसांत हंगामातलं सगळ्यात चांगलं पीक मातीत जाणार होतं.

माझे सासरे बाल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, कदेल म्हणतात त्या लाकडी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. तरुणपणी ते सावंतवाडीकडून इथे खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून आले आणि इथलेच झाले. तीस वर्षं खाणीवरचे पंप त्यांच्या हातावर चालले. पुढे साखरेने डोळे नेले. उजेड-सावली कळते, पण तार दिसत नाही. दोन वर्षं त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नव्हती.

"त्येना मोटरीक हात तरी लावलो?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. बटण दाबून बघितलं."

"मगे तेका कळला कसा?" ते उठून उभे राहिले. "गाडी हय ढकलून हाड. आणि माझी पेटी."

मी बालवाडीत मदतनीस. घरातला फ्यूज उडाला तरी नवऱ्याची वाट बघणारी. तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "माका दिसणा नाय, तुका येणा नाय. दोघा मिळान एक माणूस होता. फक्त तुका दिसता ता सांग. वाटता ता सांगू नको."

आधी त्यांनी माझ्याकडून टेस्ट लॅम्प करून घेतला. जुन्या स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन तारा, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीला गोधडी शिवायची जाड सुई. चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला, सुई लाल टोकाला. बल्ब पिवळट, मलूल पेटला. टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड धरली होती. तारा सोडवून मी ती गरम पाण्याने धुतली, टोकं घासली, आणि शेजारच्या रिक्षावाल्याकडून चार्जर आणून बॅटरी चार्जला लावली. दुपारी बल्ब लख्ख पेटला. मी उड्या मारायच्या बेतात बटण दाबलं.

काहीच नाही.

"मोटरच असेल बाबा," मी म्हटलं. रडूच येत होतं.

"वाटता ता नको सांगू म्हटलंय." पण आवाज मऊ होता. "फ्यूज बघ." फ्यूजच्या दोन्ही बाजूंना बल्ब पेटला. "बरा. आता सीटखाली डबीसारखो रिले गावतलो. दोन जाड तारा, दोन बारीक."

सापडला: बटणाचा इशारा मिळाला की मोटरीला वीज सोडणारी डबी. त्यांनी गिअर न्यूट्रलला आहे ना, ते मला तीनदा बघायला लावलं, चाकांपुढे दगड ठेवायला लावले, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"दोन जाड टोकांवर आडवो टेकय. ठिणगी येतली. भियां नको, लगेच काढ."

मी मान मागे घेतली. टेकवला. ठिणगी उडाली आणि खालून खर्रर्र आवाज करत इंजिन गरगरलं. मी किंचाळले. सासऱ्यांनी कदेलीच्या हातावर थाप मारली.

"मोटर गेली मारे! आयकलंस? जिवंत आसा ती!"

त्या क्षणानंतर माझी भीती पळाली. मोटर फिरते, म्हणजे तिला फिरवण्याचा हुकूमच कुठेतरी अडकतोय. किल्ली लावली. ब्रेक ओढून बटण दाबलं, तरी रिलेच्या बारीक तारांवर बल्ब पेटेना. मग आम्ही तारेचा माग काढत चाललो. बटणावर? अंधार. किल्लीनंतर? लख्ख. हँडलवरच्या लाल बंद-बटणानंतर? लख्ख. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो; ब्रेक ओढल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून. त्याच्या एका तारेवर उजेड, आणि ब्रेक ओढूनही दुसरीवर अंधार.

"सापडलं!" मी ओरडले. या वेळी मला वाटत नव्हतं, दिसत होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो खनिजाचा ट्रक चालवतो. म्हणाला, "मग त्या दोन तारा कायमच्या जोडून टाक ना."

सासऱ्यांनी फोन मागून घेतला. "उतारावर गिअरात ऱ्हवली नि ब्रेक न ओढता सुरू झाली तर? खेपा तू मारतंस काय ती मारता?" फोन माझ्याकडे परत आला तेव्हा नवरा म्हणाला, "बाबा सांगतात तसं कर."

स्विच उघडला. आतला इवलासा दट्टा समुद्राच्या खारटाणाने जाम झाला होता, पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. बारीक पॉलिश पेपरने मी त्या चकचकीत होईपर्यंत घासल्या. सासरे स्विच हातात घेऊन अंगठ्याने दट्टा दाबत राहिले, कानाजवळ धरून. तिसऱ्यांदा घासून दिला तेव्हा म्हणाले, "आता बोलता. बसय."

बसवला. ब्रेक ओढला. बटण दाबलं.

अर्ध्या सेकंदात इंजिन धडधडलं. इतक्या आवडीने कुठलाच आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. शेजारची जाऊ हातातली बाल्दी टाकून धावत आली, मी भाजून घेतलं की काय म्हणून. मी सीटवर बसून हसत होते, हात कोपरापर्यंत काळे, आणि सासरे इंजिनावर तळवा ठेवून उभे होते.

उन्हं उतरायच्या आत मी सात खेपा मारल्या. शेवटच्या क्रेटला भट्टीवाला म्हणाला, "आज येत नाही म्हणून ऐकलं होतं." मी त्याला सगळी हकिकत रिलेसकट सांगितली, त्याला किती कळली कोण जाणे.

घरी आले तर सासरे फोनवर मेकॅनिकशी बोलत होते. "मोटर मागवू नको. ब्रेकचो स्विच होतो. नाय, मी नाय केलंय. माझ्या सुनेन सोधून काढल्यान." थोडं ऐकून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुकाच इचारता. खंयच्या तारेवर बल्ब पेटलो नाय, ता सांग तेका."

मी पदराला हात पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.