नांदगावच्या विहिरीतले गप्पी

माझी थोरली बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली, मेहुणे गेले, तरी तिनं घर सोडलं नाही. गंगापूर रोडच्या आमच्याच कॉलनीत, माझ्यापासून दोन बंगले सोडून ती राहते. सकाळचा चहा ती घरात पीत नाही. कप घेऊन कॉलनीच्या मागच्या हौदावर जाते आणि काठावर बसून पाण्यात बघत राहते.

कॉलनी व्हायच्या आधी इथे मळा होता. विहीर बुजवली, पण दगडी हौद राहिला. छातीइतका खोल, वरून उघडा. बोअरचं पाणी त्यात पडतं आणि तिथून बागेला जातं. ज्या वर्षी घरटी एक माणूस डेंग्यूनं झोपला होता, त्या वर्षी आरोग्य खात्याचा एक माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून थोडे गप्पी मासे घेऊन आला आणि त्यानं ते हौदात सोडले. बोटाच्या पेराएवढे मासे. ताईनं मला तेव्हाच सांगितलं होतं की हे आपल्याकडचे नाहीत, समुद्रापलीकडून डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणलेले पाहुणे आहेत. पाहुण्यांनी काम मात्र चोख केलं. पाऊस संपेपर्यंत हौदात अळी दिसेना.

पुढे एका डिसेंबरात हौदाला तडा गेला. पाणी झिरपत होतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही पाहिलं तेव्हा तळाशी घोटाभर पाणी उरलं होतं आणि नाशिकच्या थंडीनं तेही बर्फासारखं झालं होतं. मासे उताणे पडले होते. ताई साडीचा काचा मारून आत उतरली. साठी ओलांडलेली बाई, पण मला काठावर उभं करून स्वतः चिखलात वाकली आणि जे हलत होते तेवढे तिनं पिठाच्या चाळणीनं वेचून काढले. बादलीच्या तळाशी जेमतेम मूठभर जमले. ती बादली महिनाभर तिच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या कट्ट्याखाली उबेला होती.

हौद दुरुस्त झाला, मासे परत सोडले आणि पावसाळ्यापर्यंत हौद पुन्हा भरून गेला. आम्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. ताईला नाही. ती म्हणाली, गप्पीची मादी एकदा नराशी जुळली की त्याचं बीज कित्येक महिने अंगात सांभाळते. नर मेला तरी पिल्लं देत राहते. एकटी मादी एक तळं वसवू शकते. हे सांगताना तिचा आवाज असा होता, जसा लोकांचा आपल्या कर्तबगार आजीबद्दल बोलताना होतो.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग एका सकाळी तिनं मला हौदावर बोलावलं. पांढऱ्या वाडग्यात काही पिल्लं काढून ठेवली होती. दोन पिल्लांचा कणा वाकडा होता, इंग्रजी एस अक्षरासारखा. एक नुसतंच गोल गोल फिरत होतं. शिवाय माद्यांची पोटं पूर्वीसारखी टम्म दिसत नव्हती, आणि हौदाच्या कोपऱ्यात अळ्या वळवळत होत्या.

मी म्हटलं पाणी खराब झालं असेल. ते तिनं आधीच तपासून घेतलं होतं. पाणी चांगलं होतं.

"दिसतात शेकडो," ती म्हणाली, "पण घर एकच आहे. हे सगळे त्या बादलीतल्या चार-दोन आयांचे वंशज. प्रत्येकाच्या रक्तात एखादा दोष लपलेला असतोच, तुझ्या-माझ्याही असतो. जोडीदार दुसऱ्या घरचा असला की तो लपूनच राहतो. घरातल्या घरात जोड्या लागत गेल्या, की कधीतरी तोच दोष आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. मग पिल्लाला सुटका नसते."

कॉलनीच्या बैठकीत हा विषय निघाला. आमचे सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी लगेच उपाय सांगितला. आहेत ते मासे पंचवटीला नेऊन गोदावरीत सोडायचे, पुण्यही लागेल, आणि मत्स्यालयाच्या दुकानातून मोठ्या शेपटांचे रंगीत गप्पी आणायचे. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की नदीत एकही सोडायचा नाही. नदीत आपली लहान मासळी आहे, हे त्यांचं खाणं खातील आणि त्यांची अंडीही. आणि दुकानातले शेपूटवाले तर शेपटासाठीच भावाबहिणींत वाढवलेले, ते एकमेकांचे आपल्या माशांहूनही जवळचे नातलग. सेक्रेटरींनी विचारलं, मग करायचं काय. ती म्हणाली, यांना इथंच ठेवू, यांनी आपली थंडी काढली आहे. यांच्यासाठी दुसऱ्या घरची स्थळं आणू.

लोक हसले. मला मात्र काळजी वाटली, कारण ती स्थळं कुठून आणायचं ठरवते आहे ते मला माहीत होतं. जुने, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले गप्पी आमच्या नात्यात एकाच विहिरीत होते. ती विहीर नांदगावला, आमच्या आतेभावाची.

त्या घराशी आमचं कसं होतं ते सांगायला हवं. आमच्या दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या-घेतल्या जात. आजी-आजोबा नात्यातले, आई-वडीलही मामेबहीण आणि आतेभाऊ. माझ्या पाठचा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा होता आणि लहानपणीच गेला. ताई कॉलेजात गेली तेव्हा आत्यानं तिला आपल्या मुलासाठी मागितलं. मागितलं असंही नाही, ते धरलेलंच होतं. ताईनं नाही म्हटलं. वडिलांसमोर उभी राहून तिनं सांगितलं की मुलगा चांगला आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण आपलं रक्त आता फार जवळ आलंय. आत्याला तो घराण्याला लावलेला बट्टा वाटला. ती पुढे बरीच वर्षं आमच्या दारात आली नाही. नंतर लग्नाकार्यात येणंजाणं सुरू झालं, पण आत्या जाईपर्यंत ताईशी ती मोजकंच बोलायची.

दसरा झाल्यावर आम्ही गाडीत प्लास्टिकचे कॅन घालून निघालो. चांदवड ओलांडल्यावर ताई रिकामे कॅन पुन्हा पुन्हा मोजू लागली. मी आतेभावाला दादा म्हणतो. ती त्यांना काहीच म्हणत नाही, तिला कधी ठरवताच आलं नाही काय म्हणावं.

दादांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. वहिनींनी भाकरी, शेवग्याची भाजी आणि ठेचा वाढला. जेवणं झाल्यावर ताईनं सगळी हकिगत सांगितली. तडा, बादली, वाकडे कणे, सगळं. दादा सुपारी कातरत ऐकत होते.

"म्हंजे तुला बाहेरचं रक्त पाहिजे," ते म्हणाले.

"हो."

"आन् ते मागाया माझ्या दारी आलीस."

वहिनी चुलीपाशी थबकल्या. ताईनं नजर खाली केली नाही. "ओढ्याला पूर आला की तुमच्या विहिरीत आजूबाजूच्या शेतांतले मासे येतात," ती म्हणाली. "इतकं मिसळलेलं रक्त मला दुसरीकडे मिळणार नाही."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "गोठ्यात एकाच वळूची पैदास लय वर्षं ठेवली मी. वासरं बारीक निघाया लागली, दोन तर उभीच राहिली नाय. डाक्टरनं वळू बदलाया लावला. तवा तुझं बोलणं कळलं मला. आईला सांगितलं मी."

"आत्या काय म्हणाली?"

"तवा उठून गोठ्यात गेली. मग दोन दिसांनी म्हणली, पोरगी खरं बोलत होती."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "मला कधी बोलली नाही."

"तिला जमलं नसतं," दादा म्हणाले आणि कॅन उचलून विहिरीकडे चालू लागले.

मासे ताईनं एकाच जागेवरून घेतले नाहीत. थोडे विहिरीतून, थोडे गुरांच्या हौदातून, थोडे ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या विहिरीतून. दादा मच्छरदाणीच्या तुकड्याची झोळी करून पायऱ्यांवर उतरत, ती वरून सांगे कुठली मादी घ्यायची आणि कुठली सोडायची. त्या दोघांना असं एका कामात गुंतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या वाटेवर कॅनवर ओलं गोणपाट होतं आणि ताई मागच्या सीटवर बसून मगानं पाणी उपसून पुन्हा आत ओतत होती, हवा मिसळावी म्हणून. मनमाडपासून नाशिकपर्यंत तिचा हात थांबला नाही.

आणलेले मासे तिनं लगेच हौदात सोडले नाहीत. आधी गच्चीवरच्या टबांत वेगळे ठेवले. यांच्याबरोबर एखादा रोग आला तर आपले सगळेच जातील, असं तिचं म्हणणं. काही मेले. त्या दिवशी ती जेवली नाही. उरलेले धडधाकट राहिले तेव्हा त्यांना हौदाच्या पाण्याची हळूहळू सवय लावून तिनं आत सोडलं. सेक्रेटरी नारळ घेऊन आले होते.

लगेच काही घडलं नाही. वाकडी पिल्लं त्या उन्हाळ्यातही दिसत होती आणि लोक मला हळूच विचारत, काय झालं तुमच्या ताईंच्या सोयरिकीचं. ती शांत होती. पाऊस सुरू झाल्यावर माद्यांची पोटं भरू लागली. पिल्लं सरळ, चपळ, आणि इतकी की सकाळच्या उन्हात हौदाचा कोपरा चमचमायचा. अळ्या गेल्या. वाकडं पिल्लू आता क्वचित एखादं. मी तिला म्हटलं, जिंकलीस. ती म्हणाली की यात जिंकायचं काही नसतं. अधूनमधून दोन-चार नवे आणत राहावं लागतं, दार पुन्हा बंद झालं की पुन्हा तेच.

ते दार दादा उघडं ठेवतात. पंचवटीच्या बाजारात माल घेऊन आले की एखादी बरणी ताईकडे पोचवतात, आणि घाई नसली तर चहाला थांबतात.

या वर्षी वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं. ताईनं त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. एका सकाळी मी हौदावर गेलो तर दोघी काठावर बसलेल्या. वहिनींच्या डोळ्यावर हिरवा चष्मा, ताई त्यांना पाण्यात काय चाललंय ते सांगत होती.

"ताई, मला तुमचा लय राग यायचा," वहिनी म्हणाल्या. "नवी नवरी होते, तर सासू उठता-बसता तुमचंच नाव काढायची. ती असती तर असं केलं असतं, ती असती तर तसं."

"मग?"

"मग काय. तुम्ही नाय म्हणलात म्हणून तर मी त्या घरात आले."

ताई मोठ्यानं हसली. मग घड्याळाकडे बघून औषधाची बाटली काढली, वहिनींना मान मागे करायला सांगितली आणि त्यांच्या डोळ्यात थेंब घातले.