खुर्चीला ऊन दाखवलं

दोन वर्षं आमच्या घरात रोज सकाळी किड्याची विष्ठा कपाळाला लावली जात होती, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला पकडायला नको.

लावणारी माझी आत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. यजमान गेल्यावर उदगीरच्या सासरी वाटण्या झाल्या आणि तिच्या वाट्याला एक शिसवी खुर्ची आली. ती टेम्पोत घालून आत्या लातूरला आमच्याकडे, म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ राहतो त्या घरी, कायमची राहायला आली. अख्ख्या संसारातून तिनं आणलेली ती एवढीच वस्तू.

खुर्ची देखणी होती. उंच पाठ, हातांवर कोरलेली वेल, बसायला वेताची जाळी. आत्याच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी मठाचे थोरले महाराज पाद्यपूजेला घरी आले, तेव्हा याच खुर्चीवर बसले होते. पुढे घरातले पुरुष सणावाराला तिच्यावर बसत आणि बायका ती पुसत. आत्यानं ती पन्नास वर्षं पुसली.

आमच्याकडे ती देवघराशेजारी ठेवली. काही महिन्यांनी आत्याला तिच्याखाली पिवळसर पांढरी भुकटी दिसली, चिमटीत घेतली तर मैद्याहून मऊ. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर. आम्ही लिंगायत, अंघोळीनंतर कपाळावर तीन बोटांनी भस्म ओढल्याशिवाय आत्या चहाला शिवत नाही. तिनं ठरवून टाकलं की थोरल्या महाराजांच्या खुर्चीतून विभूती पडते. ती डबीत भरू लागली, शेजारच्या दोघीतिघींना पुड्या बांधून दिल्या. मी शाळेला निघाले की मलाही लावायची. मी मुकाट्यानं कपाळ पुढे करायची, कारण वाद घालायला वेळ नसायचा. एकदाही वाकून बघितलं नाही, ही माझी चूक.

मागच्या उन्हाळ्यात आत्यानं जाहीर केलं की बसव जयंतीला मठाचे आत्ताचे महाराज आपल्याकडे पाद्यपूजेला येणार आणि याच खुर्चीवर बसणार. तीन आठवडे हातात होते. स्वच्छ करावी म्हणून मी खुर्ची आडवी केली आणि मागच्या पायांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली. बोटानं टिचकी मारली तर भोकातून विभूती सांडली. तिच्या मागोमाग तिळाएवढा एक तपकिरी भुंगा बाहेर आला.

आत्याला हे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते. भावानं माझे कष्ट वाचवले.

"आत्या, भुसा हाय त्यो," तो म्हणाला. "भुंगा लाकूड खातो आन् मागं टाकतो. उद्या महाराज बसले आन् पाय मोडला, तर तोंड दाखवायला जागा न्हाई राहायची. भंगारवाल्याला देऊन टाकू, गादीची नवी आणू."

आत्यानं पदरानं कपाळ पुसलं. जरा थांबून पुन्हा एकदा पुसलं. त्या दुसऱ्या पुसण्यानं माझं डोकं फिरलं. मी भावाला जे काही बोलले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. खरं तर जेवढा राग त्याचा आला होता, तेवढाच स्वतःचाही आला होता. खुर्ची गेली असती तर उदगीरच्या इतक्या वर्षांचं आत्याजवळ काही म्हणजे काही उरलं नसतं.

सुताराला बोलावलं. त्यानं पटाशीच्या टोकानं जागोजागी टोचून पाहिलं. "शिसवाला धक्का न्हाई, ताई," तो म्हणाला. "मागचे पाय आन् बैठकीची चौकट कवातरी दुरुस्तीत आंब्याची बसवली, वरून काळा रंग दिला. भुंगा तिथंच हाय." पाय बदलून द्यायला त्याला सवड नव्हती, लग्नसराईचे पलंग आणि कपाटं अंगावर होती. भोकात सुईनं औषध सोडता येईल, म्हणाला, पण वास महिनाभर जाणार नाही.

"पूजेत इखाचा वास नको," आत्या म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती. मग माझ्याकडे वळली. "तुरीला किडा लागला तर आपून काय करताव गं?"

"ऊन दाखवतो."

"मग?"

मग काय, खुर्ची गच्चीवर नेली. पहिल्या दिवशी मी ती नुसती उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसा पुन्हा हजर. मग शिकवलेलं आठवलं. वरून लाकूड तापतं, आत किडा गारव्यात बसतो. शिवाय कोरड्या वाऱ्यानं लाकूड तडकलं असतं ते वेगळंच. ऊन कोंडायला हवं होतं. भावाच्या शेतात टरबुजाच्या वाफ्यांवर घालायचा काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर उरला होता. तो मी मागितला नाही, हुकूम सोडला. भावानं कुरकुरत आणून दिला.

सुतारानं वेताची जाळी सोडवून दिली. मी खुर्ची कागदात गुंडाळली, सुतळीनं आवळली, कडांवर विटा ठेवल्या आणि आत शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर सरकवला. लातूरच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या आहेत. त्या पाच दिवसांत मात्र सकाळी उठून आभाळात ढग नाही ना, हे बघायची. दुपारी दोनला पारा साठाच्या वर गेला तेव्हा मी गच्चीवर एकटीच ओरडले, "चढ, अजून चढ!"

एकटी म्हणजे, आत्या होतीच. गुडघ्यांना शिव्या देत जिना चढून आली होती. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जिन्याच्या सावलीत बसायची आणि हुकूम सोडायची. "आता कुशीवर कर. भाकर उलटत न्हाईस का?" मी उलटवायची आणि हात पोळले की फुंकर घालायची.

पाच दिवसांनी जाळी परत बसली. मागच्या पायांना सुतारानं लोखंडी पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक भोक मी मेणानं बुजवलं, म्हणजे नवं पडलं तर कळेल, आणि खुर्चीखाली त्याच काळ्या कागदाचा तुकडा अंथरला. पहिल्याच सकाळी कागदावर भुकटी. आत्याचा चेहरा उतरला. मी भिंग घेऊन एकेक भोक तपासलं. मेण कुठंच फुटलं नव्हतं. जिन्यावरून आणताना खुर्ची आपटली होती, सांध्यांत अडकलेला जुना भुसा पडला होता. कागद झटकला. दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशी कोरा. मग भाऊ न्हाणीतूनच विचारू लागला, "आज?" आणि आत्या देवघरातून ओरडायची, "कोरा हाय!"

बसव जयंतीला महाराज आले. ते अंगानं चांगलेच भारदस्त निघाले, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते बसले. खुर्ची कर्र वाजली. भाऊ खुर्चीमागे हात पुढे करून उभा होता, जणू तोच पडणार होता. काही झालं नाही. पाद्यपूजा यथासांग झाली.

"खुर्ची जुनी दिसते," महाराज म्हणाले.

आणि आत्यानं सगळं सांगितलं. भुंगा, ऊन, मल्चिंग पेपर, आणि दोन वर्षं कपाळाला लावलेला भुसासुद्धा, शेजारणींच्या पुड्यांसकट. पुड्या घेतलेल्या शेजारणी समोरच बसल्या होत्या. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. महाराज हसायला लागले ते थांबेनात. ते गदागदा हलले, खुर्ची गदागदा हलली, पण मोडली नाही! इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

महाराज गेले. आत्याला जमिनीवर बसता येत नाही, म्हणून भावानं नेहमीसारखी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. आत्यानं तिच्याकडे बघितलं. मग भिंतीला धरत शिसवी खुर्चीजवळ गेली आणि तिच्या हातावरच्या वेलीवरून बोटं फिरवली.

"पन्नास वर्सं पुसली म्या," ती म्हणाली. "आता बसते."

बसली. पाय जमिनीला टेकेनात.

"लई उंच हाय की गं!"

भावाच्या मोबाइलमध्ये भंगारवाल्याचा नंबर अजून होता. तरी भाऊच स्वयंपाकघरात गेला, पाट घेऊन आला, खाली बसला आणि आत्याचा एकेक पाय उचलून पाटावर ठेवला. तिनं त्या दिवशी खुर्चीत बसून दोन कप चहा घेतला, आणि रिकामा कप न्यायला आम्हा दोघांना हाका मारल्या.