एक पॉइंट दोनची लेन्स

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, पोटापाण्यासाठी ओळखपत्रांचे फोटो काढत. स्टुडिओ म्हणजे एका जिन्याखालची खोली. आत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी, की केस विंचरून झाले की लोक तो सवयीने खिशात घालून न्यायचे. समोर सरकारी कचेरी होती, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नसे. "हनुवटी खाली. माझ्याकडे बघा. झालं." दिवसभर हेच. माणूस हसला तर फोटो परत काढावा लागायचा, कारण कचेरीला हसरा चेहरा चालत नसे.

ताई घरी कपडे शिवायची. तिच्या हाताला सफाई होती, पण मशीन जुनं, पायाने चालवायचं. तिला कारखान्यात असतं तसं विजेवरचं मोठं मशीन घ्यायचं होतं. पुढची खोली रिकामी करायची, एक बाई मदतीला ठेवायची, शाळांचे गणवेश शिवून द्यायचे, असं सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. त्यासाठी ती कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकत आली होती. सणासुदीलाही त्यांना हात लावू द्यायची नाही.

मी नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर होते. एका नाटक मंडळीला फोटोवाला हवा होता. आधीच्याने प्रयोग चालू असताना फ्लॅश मारला आणि नायक वाक्य विसरला, म्हणून त्याला हाकललं होतं. मी भाऊजींचं नाव सुचवलं. ते आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स लावून आले. प्लॅस्टिकची, खेळण्यातली वाटावी अशी. त्या लेन्सने विंगेत उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि ते बरे आले. मंडळी खूश. भाऊजी तर इतके खूश, की घरी जाताना शीळ घालत होते. दिवसभर भिंतीसमोर बसलेली माणसं पाहणाऱ्याला एकदम हलणारी, रडणारी, चिडणारी माणसं पाहायला मिळाली होती.

मग एका प्रयोगाला कुठल्याशा साप्ताहिकाचा छायाचित्रकार आला. त्याच्या कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीची, एक पॉइंट दोनची लेन्स होती. मध्यंतरात त्याने भाऊजींना तिच्यातून बघू दिलं. बघितलं आणि आमचा माणूस हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले तेव्हा ते तिला समजावत बसले होते.

"अगं, एक पॉइंट दोन म्हणजे लेन्सचं भोक मोठं. भोक जितकं मोठं तितका उजेड आत जास्त. माझ्या लेन्सचं भोक लहान आहे. अंधारात माणूस हलला की फोटो पुसल्यासारखा येतो. हिच्यात नाही येत. आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. नुसता चेहरा उरतो."

"मग ती जवळचं, लांबचं दोन्ही घेते?"

"नाही. झूम नाही तिला."

"एवढे पैसे मोजून पुढे-मागेसुद्धा होत नाही?"

"पुढे-मागे आपण व्हायचं."

ताई हसली. मग तिने किंमत विचारली, आणि हसणं थांबलं. भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं, "तुझ्या मशीनएवढी."

ती लगेच हो म्हणाली नाही. पण भाऊजींनी तगादा लावला. एका मोसमात पैसे वसूल होतील, मोठ्या मंडळ्या बोलावतील, मग एक सोडून दोन मशीन घेऊ. भाऊजींनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. जेवायला काय करू विचारलं तरी "काहीही" म्हणणारा माणूस. ताईला तेच नडलं. तिने पैसे काढून दिले.

लेन्स आली. हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड, आणि पुढची काच अशी, की वाकून बघितलं की आपलंच तोंड खोल कुठेतरी दिसायचं. सराव म्हणून भाऊजी ताईला खिडकीशी बसवून फोटो काढू लागले. ती शिवताना, भाजी निवडताना, डोळा लागलेला असताना. एक फोटो पाहून ती म्हणाली, "अहो, माझा एकच डोळा आलाय. दुसरा कुठे गेला?"

"तीच तर मजा आहे!"

"दोन डोळ्यांच्या बाईला एका डोळ्याची केलीत, यात कसली मजा?"

गंमत म्हणून म्हणाली ती. पण पुढे नाट्यगृहातही हेच कानावर यायला लागलं, आणि तिथे कोणी गंमत करत नव्हतं. नायिकेचा चेहरा पापणीच्या केसापर्यंत लख्ख आला, तर तिच्यामागे उभा असलेला नट संतापला. "मी काय धूर आहे का?" नेपथ्यवाला म्हणाला, मी महिनाभर खपून उभी केलेली भिंत यांच्या फोटोत चिखलासारखी दिसते. दिग्दर्शक समजूतदार होता. तो म्हणाला, "फोटो सुंदर आहेत हो. पण आम्हाला नाटकाचे फोटो हवेत. मागेपुढे सगळी माणसं दिसू देत."

सगळी माणसं दिसायची तर लेन्सचं भोक लहान करावं लागे. आणि भोक एकदा लहान केलं की ती महागडी लेन्स आणि जुनी प्लॅस्टिकची, दोघी सख्ख्या बहिणी. हे भाऊजींनी मला तिकीटखिडकीशी उभं राहून सांगितलं. आवाज इतका खाली, की आधी मला वाटलं तब्येतीचं काही सांगताहेत.

"ताईला सांगितलंत?"

"सांगेन. एखादा खरा फोटो निघू दे, मग सांगेन."

तो फोटो निघाला. त्या नाटकात आईचं काम करणारी वयस्क नटी होती, तिला सगळे 'बाई' म्हणत. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर एकच दिवा, आणि बाई मुलाची सही असलेला कागद हातात धरून मान वळवते. त्या वळत्या मानेचा फोटो भाऊजींना मिळाला. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्धा अंधारात, आणि ओठ असे, की आता बोलेल की रडेल ते कळू नये. मंडळीने तो जाहिरातीत लावला. नाट्यगृहाने मोठा करून दरवाज्यातून आत आल्यावर समोर टांगला. लोक थांबून बघत. कोणी विचारलं की भाऊजी सांगत, "एक पॉइंट दोनची लेन्स आहे. त्याशिवाय नाही येत."

ताई भेटेल त्याला तो फोटो दाखवायला घेऊन यायची. मला म्हणाली, "माझं मशीन बघ कसं भिंतीवर टांगलंय." पण आवाजात अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या फोटोने नाव झालं, काम काही आलं नाही. मोठ्या मंडळ्यांकडे आपापले फोटोवाले होते. लग्नाची दोन-तीन कामं मिळाली, त्यात मुलीच्या आत्याने भांडण काढलं की अख्ख्या अल्बममध्ये मी एकदाही स्वच्छ दिसत नाही. आणि आमच्या मंडळीतही पुढच्या नाटकाला एका नटाचा मित्र फोनवर फोटो काढू लागला. फुकट. फोनही आता मागचं धूसर करून देतो. दिग्दर्शक भाऊजींना म्हणाला, "तुमची सर नाही त्याला. पण चालून जातं."

इकडे ताईची गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे वळली. शाळेचे गणवेश पलीकडच्या गल्लीतल्या बाईने घेतले. तिच्याकडे मशीन होतं. ताई कपड्यांच्या कारखान्यात लागली. दिवसभर नुसत्या कॉलर. ज्या मशीनसाठी ती पैसे साठवत होती, तसल्याच मशीनवर, दुसऱ्याच्या. काही वर्षांत उजवं मनगट धरलं. चहाची बशी उचलताना हात थरथरायला लागला तेव्हा ती एकदाच म्हणाली, "अहो, ती लेन्स विकून टाका."

भाऊजींनी लेन्स काढली, मऊ फडक्याने पुसली आणि विकायला असल्याचं चार जणांना सांगितलं.

घ्यायला आला तो दातांचा डॉक्टर. हौशी माणूस, नम्र, बूट दाराबाहेर काढून आत आला. मी त्या दिवशी तिथेच होते. त्याने लेन्स उजेडात धरून पाहिली. किमतीवर घासाघीस केली नाही. ताईने चहा ठेवला. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला होता.

डॉक्टर म्हणाला, "खरं सांगू? नाट्यगृहातला तो बाईंचा फोटो मी पाहिलाय. म्हणूनच आलो. मला एवढंच विचारायचंय, तो या लेन्सनेच काढलाय ना?"

भाऊजी लेन्स पुसायच्या फडक्याची घडी घालू लागले.

"म्हणजे पैसे वसूल होतात ना, एवढंच."

"तो हिने नाही काढलेला," भाऊजी म्हणाले. "ही त्या वेळी स्टुडिओतल्या कॅमेऱ्यावर फोकस शोधत बसली होती. घर्र घर्र करत पुढे-मागे. बाईंनी मान वळवली, तेव्हा गळ्यात दुसरा कॅमेरा होता, जुना. त्याला ती प्लॅस्टिकची लेन्स होती. तोच उचलला."

स्वयंपाकघरातून ताई गाळणी हातात घेऊन बाहेर आली. गाळणीतून चहा फरशीवर ठिबकत होता.

डॉक्टरला आधी कळेना. मग तो चक्क हसला. "म्हणजे ती छोटी घेतली तरी चालेल? अहो, ती तर केवढ्याला मिळते! बरं झालं सांगितलंत. तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस विरळा." त्याने लेन्स दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली, भाऊजींचा हात हातात घेऊन दाबला आणि चहा न घेता गेला. जाताना पायात बूट चढवतानाही बोलत होता, की माझे केवढे पैसे वाचवलेत.

दार लागल्यावर ताई म्हणाली, "मला इतकी वर्षं सांगितलंत, या लेन्सशिवाय तो फोटो आला नसता."

"हो."

"आणि याला दारात आल्या आल्या खरं सांगितलंत."

"त्याचे पैसे फुकट गेले असते गं."

"आणि माझे?"

भाऊजींनी टेबलावरच्या लेन्सला झाकण लावलं. मला वाटतं, त्यांना ते सुचलंच नव्हतं. ताईचे पैसे म्हणजे घरचे, आणि घरचे म्हणजे आपले, इतकं सरळ होतं ते त्यांच्या डोक्यात. खोटं बोलले तेही तिला बरं वाटावं म्हणून. वाईट माणूस असता तर ताईला निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं. ती आत गेली आणि तिने गाळणी धुतली, बराच वेळ धूत राहिली.

पुढे भाऊजी कॅमेरे भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात लेन्स देऊन आले. मिळेल त्या पैशांत. त्यात एक जुनं, दुसऱ्याने वापरलेलं मशीन आलं. ताईचं मनगट काही त्यावर टिकलं नाही. शेजारची बाई येऊन शिवते आणि निम्मी मजुरी घेऊन जाते. ताई बटणं लावते, डाव्या हाताने. कारखान्याकडून येणं होतं ते काढायला ओळखपत्र नवं करायचं होतं, तेव्हा तिने फोटो पलीकडच्या चौकातल्या स्टुडिओत जाऊन काढला. भाऊजींना ते मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असणार. त्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचा पडदा लगेच ओळखू येतो.

नाट्यगृहाला रंग दिला तेव्हा बाईंचा फोटो उतरवला, तो परत कोणी लावला नाही. मागच्या महिन्यात मंडळीने तेच जुनं नाटक नव्या नटीला घेऊन पुन्हा उभं केलं. भाऊजी खिडकीशी आले. मी फुकट पास देऊ लागले, तर त्यांनी तिकीटच काढलं, शेवटच्या रांगेतलं. खांद्याला कॅमेरा नव्हता, म्हणून खांदा एका बाजूला उचलल्यासारखा दिसत होता. मध्यंतरात ते बाहेर आले आणि सरळ फाटकाकडे निघाले.

मी खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, अजून अर्धं राहिलंय, तो मान वळवायचा प्रवेशसुद्धा. कसं वाटलं?"

"बोलतात फार," ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.